प्रत्येक घासाला एक ओळ

चमचा टेबलावर दोनदा वाजला. म्हणजे, नाही.

"अजून नाही? अगं, करपतील की!"

पुन्हा दोन ठोके. या वेळी जरा चिडलेले. कानवाल्यांनी मान डोलावली आणि मंद आचेवरचे ओट्स हलवत राहिले. बायको चाकाच्या खुर्चीत, टेबलाला लागून बसलेली. उजवा हात मांडीवर, कुणी काढून विसरलेल्या मोज्यासारखा. डावा हात मात्र टक्क जागा, आणि त्या हातात चमचा. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून सगळं घर त्या चमच्याच्या हुकमावर चाललं होतं. तोंडात तीनच शब्द उरले होते, 'अहो', 'बरं' आणि 'नको'. त्यातला 'नको' सगळ्यात धडधाकट होता.

ओट्सना भाजक्या शेंगेसारखा वास सुटला. एक ठोका.

"हां. नाक शाबूत आहे म्हणायचं तुझं."

ती हसली. हसू अर्ध्याच तोंडावर उगवलं, पण उगवलं. कानवाल्यांनी गॅस बंद केला आणि पाठ वळवून पॅन उतरवला.

पाणीपुरवठा खात्यात त्यांना सगळे कानवाले म्हणत. रस्त्याखाली पाइप कुठे फुटला आहे ते शोधायचं काम. लोखंडी सळईचं एक टोक जमिनीवर टेकवायचं, दुसऱ्या टोकाची वाटी कानाला लावायची, आणि रहदारी सुरू व्हायच्या आत ऐकायचं. वाहतं पाणी गुणगुणतं, गळतं पाणी कुजबुजतं. ती कुजबुज ज्याला कळते त्यानं बोट दाखवायचं आणि बाकीच्यांनी खणायचं. कानवाल्यांनी बोट दाखवलं आणि खड्डा कोरडा निघाला, असं झालेलं कुणाला आठवत नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी म्हटलं होतं, "माणूस घरी चालला, कान तेवढा ठेवून जा."

ठेवायला कान राहिलाच नव्हता. आधी किटलीची शिटी गेली. मग घड्याळाची टिकटिक. मग लेकीच्या बोलण्यातले शब्द कडांनी झिजायला लागले, साबणाच्या वडीसारखे. जाड आवाज यायचे, दार आपटलेलं कळायचं, चमच्याचा ठोका तर टेबलावरच्या तळहातातूनच कळायचा. बारीक, ओलं, हळू असं जे काही या जगात होतं ते मात्र कुणीतरी अलगद उचलून नेलं होतं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. म्हातारपणी सगळ्यांचंच थोडंफार जातं, म्हणून गप्प बसले. आणि मग बायकोला झटका आला.

इस्पितळातून घरी आणताना घशाच्या बाई येऊन बसल्या होत्या. गिळायला शिकवणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाई. त्यांचं खरं पद लांबलचक होतं, म्हणून घरात त्या घशाच्या बाई झाल्या.

"यांचा घसा अजून झोपेत आहे," त्या म्हणाल्या होत्या. "घास कधी वाट चुकून श्वासाच्या नळीत जातो. ठसका लागला तर बरंच, निदान कळतं. पण पुष्कळदा गुपचूप जातो. मग ताप, मग न्यूमोनिया. खूण एकच. घास गिळला की आवाज काढायला लावायचा. कोरडा असेल तर पुढचा घास. ओला असेल, बुडबुड्यांसारखा, तर थांबायचं आणि खोकायला लावायचं."

"पण ती बोलत नाही," लेक म्हणाली.

"गातात की," घशाच्या बाई म्हणाल्या. "बोलणं आणि गाणं शेजारशेजारच्या खोल्यांत राहतात. एका खोलीला कुलूप लागलं तरी दुसरीचं दार उघडं राहतं कधीकधी."

ते खरं होतं. तीन शब्दांची ती बाई ओळीच्या ओळी गायची. जन्मभर पीठ मळताना, ट्रे धुताना, कुणी सांगितलं नसताना तिनं स्वतःशी गाणी जुळवली होती, आणि झटक्याला ती सापडली नव्हती. तेव्हा ठरलं : प्रत्येक घासाला एक ओळ. तिनं गायची, कानवाल्यांनी ऐकायची.

लेक चष्म्याच्या दुकानात कामाला. सकाळी जायची ती संध्याकाळी यायची. तिनं इस्पितळातच स्वच्छ सांगितलं होतं, "बाबा, एक सोय आहे. टेकडीखालचं शुश्रूषागृह. तिथे जेवताना नर्स शेजारी बसते. आईला तिथे ठेवायला माझा जीव होत नाही. तुम्ही आहात म्हणून मी हिला घरी ठेवतेय." आणि घशाच्या बाईंकडे वळून, अगदी अभिमानानं, "आमच्या बाबांना रस्त्याखालचं पाणी ऐकू येतं हो. घशातलं नाही येणार?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं त्यांनी. पण खुर्चीतून बायको त्यांच्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत एवढंच होतं की मला घरी न्या. त्यांनी तोंड मिटलं.

तेव्हापासून ते घास भरवत होते तो डोळ्यांनी. तिची पापणी लवते का, खांदा चढतो का, नाकपुडी फुलते का. ओठ हलायचे, ओळ संपायची, आणि ते म्हणायचे, "कोरडा. छान." पातळ लापशी, दाटसर सूप, कुस्करलेलं केळं. रोजचं ताट रिकामं झालं की त्यांच्या पाठीवरून घामाचा ओघळ उतरायचा. मागे एकदा तिचं अंग कोमट लागलं. दिवसभर ते तिच्या कपाळावर हात ठेवून बसले. संध्याकाळी अंग निवलं, पण त्या दिवसापासून एक विचार घरात राहायला आला तो गेला नाही : आपण मारतो आहोत हिला. चमच्या-चमच्यानं.

आणि आता तिला बार हवे होते.

ओट्सचे बार. तिच्या हातचे. धरायला घट्ट, दाताखाली चिवट, आणि वर पांढऱ्या आइसिंगच्या तिरप्या रेघा. सगळ्या गल्लीत ते ठाऊक होते. कुणाचं मूल पडलं-झडलं की आधी बार, मग औषध. लापशीला कंटाळून ती रोज फडताळातल्या ओट्सच्या डब्याकडे चमचा दाखवायची. लेकीनं घशाच्या बाईंना फोनवर विचारलं. मऊ ठेवा, कडा काढून टाका, घास नखाएवढा, आणि कान उघडे ठेवा, असं उत्तर आलं. लेक म्हणाली, "मग काय बाबा, कान आहेतच."

नाही म्हणायला कारण लागतं. आणि कारण एकच होतं.

"लोणी किती?" त्यांनी विचारलं. तिनं चमच्यानं हवेत एक ढीग काढला. "एवढं? अगं, आपल्याला बार करायचेत, गाडीला वंगण नाही घालायचं." एक ठोका. एवढंच. त्यांनी लोणी आणि ब्राऊन शुगर पातेल्यात एकत्र वितळवली. साखर विरघळेपर्यंत ढवळायचं, उकळू द्यायचं नाही. त्यात मध, अंडं, चिमूट मीठ, मग ओट्स आणि थोडा मैदा. मिश्रण उलथण्याला धरून राहायला लागलं तशी ती खुर्चीत पुढे झुकली. ट्रेमध्ये बटर पेपर घालून त्यांनी ते ओतलं आणि दाबायला लागले.

"नको," ती म्हणाली.

"जोरात नको?"

एक ठोका. मग तिनं आपला डावा हात ट्रेवर ठेवला आणि तळव्यानं हलकेच थोपटलं, झोपत्या मुलाला थोपटावं तसं. त्यांनी तसंच केलं. दोघांचे हात लोण्यानं माखले. तेवढ्यापुरती भीती गेली. नंतर ओव्हनचं दार लागलं आणि ती परत आली.

या बारांचं मर्म बाहेर काढण्यात आहे. कडा सोनेरी झाल्या आणि मध्य अजून कच्चा, ओलसर वाटतोय, तोवरच ट्रे काढायचा. मग तो ट्रेमध्ये निवता निवता स्वतःच शिजतो. मध्य शिजलेला दिसेपर्यंत थांबलात तर विटा होतात. विटा म्हणजे टणक कण, आणि टणक कण म्हणजे... कानवाल्यांनी पुढचा विचार दाबून टाकला. ओव्हनचा गजर तिनंच लावायला लावला होता. तो नाजूक वाजायचा, काचेच्या पेल्यावर नख मारावं तसा. म्हणून ते ओव्हनसमोरच उभे राहिले, काचेला नाक लावून. मग आठवलं की आइसिंगची साखर चाळायची राहिली आहे. चाळणी वरच्या फळीवर. ते वळले, स्टूल ओढलं, चढले.

धाड. धाड. धाड.

स्टुलाच्या पायांतून ठोके वर आले. वळून बघितलं तर ती चमचा टेबलावर आपटत होती, डोळे ओव्हनकडे. गजराचा लाल दिवा लुकलुकत होता. कधीपासून कोण जाणे.

"अरेच्चा! ऐकत होतो गं, ऐकत होतो. म्हटलं, चाळणी घेऊनच उतरू."

त्यांनी ट्रे ओढून काढला. कडा सोनेरी राहिल्या नव्हत्या, तपकिरी झाल्या होत्या. मध्य तेवढा जेमतेम मऊ. तिनं ट्रेकडे बघितलं नाही. ती त्यांच्याकडे बघत होती. बराच वेळ.

"काय गं? कडा कापून टाकू. तसंही टाकायच्याच होत्या."

ठोका नाही. एकही नाही.

ट्रे निवेपर्यंत त्यांनी साखर चाळली, थेंब थेंब दूध घालून ती घोटली, व्हॅनिला टाकलं. चमच्यावरून दाट धार पडेल इतकं. रेघा ओढताना आइसिंग नागमोडी गेलं. एरवी तिनं चमच्यानं टेबल फोडलं असतं. आज तिनं चमचा उचललाही नाही.

मधल्या मऊ भागातून त्यांनी नखाएवढा तुकडा काढला. तिची मान पुढे वाकवली, हनुवटी छातीकडे, शिकवलं होतं तशी. तुकडा जिभेवर ठेवला.

तिनं डोळे मिटले. चावत राहिली. चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं, महिन्यांची लापशी जणू. मग गिळलं. डोळे उघडले, आणि ओठ हलायला लागले. ही ओळ त्यांना आठवणीनं ठाऊक होती. ओठांवरून कळली :

*भट्टीच्या उबेपाशी, बाई मी गं बसले*
*कोण आलं दारामंदी, डोळे आधी हसले*

"कोरडा," ते म्हणाले. "छान."

दुसरा घास. हा जरा कडेचा, जरासा मोठा. तिनंच चमच्यानं दाखवला होता. गिळायला वेळ लागला. ओठ हलले. पापणी लवली नाही, खांदा चढला नाही.

"कोरडा. छान."

आणि त्यांनी तिसरा तुकडा उचलला तोच तिचा चेहरा लाल झाला. डोळे मोठे झाले. तोंड उघडलं आणि त्यातून काहीच आलं नाही, ना श्वास, ना खोकला. डाव्या हातातला चमचा खाली पडला.  कानवाल्यांनी खुर्ची पुढे ओढली, तिला कमरेतून वाकवलं, एका हातानं छाती पेलून दुसऱ्यानं पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, मारलं. एकदा. परत. "खोक गं, खोक, अगं खोक ना!" आपण ओरडतो आहोत की कुजबुजतो आहोत हेही त्यांना कळत नव्हतं. तिचं अंग त्यांच्या हातात ताठ झालं. खिडकीबाहेर कुणीतरी चादर झटकत होतं, अगदी निवांत. पुन्हा मारलं.

खोकला फुटला. तो त्यांना हाताला कळला, आतून काहीतरी उखडल्यासारखा. ओट्सचा एक तपकिरी, टणक कण आणि लाळ त्यांच्या मनगटावर पडली. मग श्वास. मग आणखी खोकला, आणि आणखी श्वास. ते तिच्या गुडघ्यांशी बसून राहिले. 

 तिनं पदरानं स्वतःचं तोंड पुसलं. मग त्यांच्याकडे बघितलं. 'कोरडा म्हणालात तुम्ही' असं ती म्हणू शकत नव्हती. म्हणायची गरजही नव्हती.

"अहो," ती म्हणाली.

"काय गं?"

तिचे ओठ हलायला लागले. पूर्ण ओळ, ठेक्यात, डोळे त्यांच्यावर. ओळ संपली. ती थांबली.

"कोरडा," ते म्हणाले. घाबऱ्याघुबऱ्या, पण जमेल तितक्या खात्रीनं. "आता अगदी स्वच्छ आहे."

तिनं डावा हात पुढे केला. त्यांचं मनगट धरलं, त्यांची बोटं ओढून आपल्या गळ्यावर ठेवली, कंठमण्याच्या बाजूला. पुन्हा ओठ हलवले. बोटांखाली ऊब होती, नाडी होती, बाकी काही नव्हतं. गळा शांत होता. मग तिनं तीच ओळ गायली, आणि बोटांखाली मधमाशी अडकल्यासारखं काहीतरी थरथरलं.

कानवाल्यांना कळलं. खोकल्यानंतरची ओळ ती गायलीच नव्हती. नुसते ओठ हलवले होते.

 तिच्या गळ्यावरून हात काढायचं त्यांना सुचेना. तिच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून ते वाट बघत राहिले. राग आला नाही. आली ती भीती. आणि ती त्यांच्या ओळखीची होती, इतके दिवस तीच तर ते एकटे सांभाळत होते. आता दोघांच्यात होती.

कुलपात किल्ली फिरली असणार, कारण दार उघडलं आणि लेक आत आली. पर्स टाकली, नाक वर केलं.

"आहाहा! जिन्यात वास येतोय. खालच्या आजोबांनी मला तीनदा विचारलं, वर काय चाललंय म्हणून." ती ट्रेवर वाकली. "बाबा, या रेघा आहेत की तुमच्या खात्याच्या पाइपांचा नकाशा?" मग आईकडे वळली. "खाल्लास का गं? नीट गेला?"

आईनं टेबलावर हात मारला. चमचा जमिनीवर होता, म्हणून उघड्या तळव्यानं. एकदा. हो.

कानवाल्यांनी तिच्याकडे बघितलं. तिनं त्यांच्याकडे बघितलं नाही. पुन्हा टेबलावर एक थाप. हो, हो. सगळं ठीक. ती त्यांच्यासाठी खोटं बोलत होती, एका हातानं. घरासाठी बोलत होती, या खिडकीसाठी, या टेबलासाठी.

एवढं पुरे होतं. नुसतं गप्प बसायचं. इतके दिवस तेच तर केलं होतं. उद्या लापशी, परवा लापशी, आणि बोटं गळ्यावर ठेवली तर कदाचित, कदाचित ओलं-कोरडं तेही कळेल. कदाचित. त्यांच्या मनगटावर ओट्सचा कण अजून चिकटलेला होता.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले.

"काय? मोठ्यानं सांगू? म्हटलं, नीट गेला का घास."

"तसं नाही, पोरी. हिचा आवाज मला ऐकू येत नाही. घरी आणली त्या दिवशीही येत नव्हता." त्यांनी श्वास घेतला. "मघाशी अडकला. मी कोरडा म्हणालो, आणि अडकला."

"नको," आई म्हणाली. टेबलावर दोन थापा. दोन. पुन्हा दोन. "नको, नको, नको."

लेक उभीच राहिली. तिच्या तोंडून काहीतरी बारीक निघालं असावं, ते त्यांना कळलं नाही. मग ती आईजवळ बसली, तिचा थापा मारणारा हात दोन्ही हातांत धरला, आणि त्यांच्याकडे बघत, प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाली, "बाबा, असं कसं केलंत तुम्ही?"

 उत्तर खुर्चीत बसलं होतं आणि रडत होतं.

लेकीनं डोळे पुसले. ती रागावलेली होती, आणि राग कुठे ठेवावा ते तिला कळत नव्हतं. "उद्या सुट्टी घेते. सकाळी तिथे जाऊन येऊ. शुश्रूषागृहात. तुम्हीही चला. आणि तुमचे कानही दाखवायचेत."

"चालेल."

"दुपारी चार वाजता आत सोडतात भेटायला. रोज."

"चालेल," ते म्हणाले. मग जरा थांबून विचारलं, "तिथे ओव्हन असतो का?"

"माहीत नाही, बाबा. विचारते."

"विचार. नसला तर मी इथून करून आणीन. रेघा मात्र तिथे गेल्यावर ओढू. वाटेत चिकटतात कागदाला."

लेक हसायला गेली आणि तोंड फिरवून उभी राहिली.

आईच्या थापा थांबल्या होत्या. तिनं हात लेकीच्या हातातून सोडवून घेतला आणि ट्रेकडे नेला. मधल्या मऊ भागातून एक तुकडा तोडला. डाव्या हाताला जमेना, तुकडा निसटला, आइसिंग बोटांना लागलं. तिनं पुन्हा धरला. लेक मदतीला सरकली, तिला तिनं कोपरानं दूर केलं. मग हात उंच करून तो तुकडा तिनं कानवाल्यांच्या तोंडाशी धरला.

दुपारपासून त्यांनी काही खाल्लेलं नव्हतं. ते वाकले आणि त्यांनी तोंड उघडलं.

ते चावत राहिले. बार चिवट होता, वेळ लागत होता. ती त्यांच्या गळ्याकडे बघत होती, या घासाची ओळ ऐकायला. लेकही थांबून राहिली.